मशीन रेस घेऊन राहिली

जुलैचा दुसरा रविवार. रात्रभर झड लागली होती, पहाटे जराशी उघाड मिळाली. सहाच्या सुमारास माळी भाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. पायात प्लास्टिकचे बूट, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. आत या म्हटलं तर आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "भाऊ, मशीन रेस घेऊन राहिली जी. एकदा येऊन ऐकता का?"

मी चपला अडकवल्या आणि त्यांच्या मागे निघालो. आमच्या लेआउटची बाग घरापासून चार प्लॉट सोडून आहे. पंपघरासमोर गवत कापायची मशीन काढून ठेवली होती. भाऊंनी दोरी ओढली, दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं आणि आवाज चढू लागला. चढत चढत पार वर गेला, तिथून एकदम खाली बसला, आता बंद पडतं की काय असं वाटेपर्यंत खाली, आणि तिथून पुन्हा उसळला. वर, खाली. वर, खाली. दर दोन सेकंदांना एक हेलकावा, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यासारखाच.

"पात्याला काही लागलं होतं का?" मी विचारलं.

"नाही जी. गवतात घातली का जराशी सुधरते. मोकळ्यावर आणली का पुन्हा तेच."

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी नुसतं कानाआड केलं. सगळं उत्तर त्यातच होतं. ते कळायला मला पुढचे नऊ दिवस लागले.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे वसाहतीला लेआउट म्हणतात. लेआउट पाडताना एक तुकडा सगळ्यांसाठी मोकळा सोडलेला असतो. कुठे त्यावर देऊळ उभं राहतं, कुठे गाड्या लागतात, कुठे गाजरगवत माजतं. आमच्या इथे बाबांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या पाच-सहा काकाजींनी तो तुकडा बाग म्हणून धरून ठेवला. गाजरगवत मुळासकट उपटलं, हरळी लावली, कडेने कडुनिंब आणि बकुळ लावली. गवत विळ्याने कापलं जायचं आणि पावसाळ्यात तीन माणसं दोन-दोन दिवस वाकून असायची. सहा वर्षांपूर्वी वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी, ढकलत न्यायची ही मशीन घेतली. १६० सीसीचं चार स्ट्रोक इंजिन, खाली एकच आडवं पातं. पहिली चार वर्षं ती बाबांनीच चालवली. हँडलच्या काळ्या रबरावर उजव्या बाजूला त्यांच्या पंजाएवढी जागा अजून गुळगुळीत आहे.

इथल्या गवताचं वर्ष पुण्या-मुंबईच्या गवतापेक्षा वेगळं असतं. होळी झाली की वाढ थांबते. एप्रिलमध्ये मैदान पिवळं पडतं, मेमध्ये पांढुरकं. पारा ४५ ला टेकतो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, तर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि पिण्याच्या पाण्याची ओढ असताना गवताला पाणी घालायचं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून मार्चच्या मध्यात मशीन पंपघरात जाते आणि जुलैत बाहेर येते. पंपघरावर टिनाचं छप्पर आहे. त्या वर्षी मशीन ठेवताना टाकी अर्धी भरलेली होती. कुलूप मीच लावलं. चार महिने ते पेट्रोल त्या टिनाखाली तापत राहिलं आणि मला त्याची एकदाही आठवण झाली नाही.

इंजिन ओबडधोबड चालतं म्हणजे नेमकं काय होतं, यासाठी मिस्त्री लोकांकडे दोन वेगळे शब्द आहेत. एक 'मिसिंग'. ठिणगी पडायची तेव्हा पडली नाही, एक ठोका गेला, मग दोन बरोबर पडले, पुन्हा एक गेला. त्याला ताल नसतो. दुसरा 'हंटिंग'. हा मुख्यतः जनरेटरवाल्यांचा शब्द. लग्नाच्या मांडवामागे जनरेटर असा वर-खाली करू लागला की दिवेही त्याच्याबरोबर मोठे-बारीक होतात, तेव्हा तो कानावर पडतो. हंटिंगला ताल असतो. इंजिन काहीतरी शोधतं, सापडलं असं वाटतं, पुढे निघून जातं, परत मागे येतं. मिसिंग असेल तर प्लग, कॉइल, वायर बघायची. हंटिंग असेल तर पेट्रोल आणि हवा यांचा हिशेब बघायचा. ज्याच्या कानाला हा फरक कळतो त्याचे पैसे वाचतात. माझ्या कानाला तेव्हा तो कळत नव्हता.

मालवाहू ऑटोत घालून मी मशीन शहरातल्या एका दुकानात नेली. त्यांनी नवा प्लग बसवला, फिल्टरवर हवा मारली, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा एक स्क्रू इकडे-तिकडे फिरवला आणि ८५० रुपये घेतले. दुकानाच्या दारात पाच मिनिटं ती बरी चालली. दुसऱ्या दिवशी बागेत पुन्हा तेच. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, गेला असेल, इंजिन खोलावं लागेल. त्या उत्तराचा मला आजही राग आहे. पैशाचं एवढं नाही. ज्याने मशीन ऐकलीच नव्हती त्याने तिच्या पोटात हात घालायची तयारी दाखवली, याचा राग आहे.

पण पुढची चूक माझी. गव्हर्नर हा शब्द डोक्यात बसला होता. मशीन घरी आणून पोर्चमध्ये उभी केली. कार्बोरेटरच्या शेजारी एक लांबट पत्र्याची पट्टी असते, तिला ओळीने भोकं असतात आणि त्यातल्या एका भोकात गव्हर्नरच्या स्प्रिंगचं टोक अडकवलेलं असतं. मला वाटलं स्प्रिंग सैल पडली असेल. ते टोक काढून मी लांबच्या भोकात अडकवलं. स्प्रिंग ताणली गेली. दोरी ओढली तसं इंजिन किंचाळलं. हेलकावे होते तेवढेच, फक्त सगळं प्रकरण वरच्या पट्टीत गेलं.

बाबा आतून आले. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून ते लावत नाहीत. फरशीतून पायाला काही कळलं असावं. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ येऊन उजवा पंजा हँडलच्या त्या गुळगुळीत जागेवर ठेवला आणि डोळे मिटले. दहा-बारा सेकंद तसेच उभे राहिले. मग हात पुढे करून त्यांनी इंजिन बंद केलं.

"स्प्रिंगले कोणं हात लावला?"

"मी लावला, बाबा. गव्हर्नर गेला म्हणाले दुकानात."

"काहीच नाही गेलं त्याचं. तो बिचारा धावून धावून सांभाळून राह्यला, अन् तू त्याचाच कान पिळून राह्यला." थोडं थांबून म्हणाले, "उपाशी हाय ते इंजिन. त्याले खायले काय भेटून राह्यलं ते पाह्य आधी."

बाबा काटोलकडचे. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. साहेबांशी बोलताना त्यांची भाषा बदलायची, घरी आणि यंत्रांशी बोलताना कधी बदलली नाही.

त्या रात्री त्यांनी मला वहीच्या मागच्या पानावर गव्हर्नर काढून दाखवला. इंजिनाच्या पोटात तेलात फिरणारं एक लहान गिअर, त्याच्यावर बिजागरीने लटकलेली दोन वजनं. गिअर जोरात फिरलं की वजनं बाहेर फाकतात. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो तशी. फाकताना ती एक खुंटी ढकलतात, खुंटी एक दांडा फिरवते, दांड्याला जोडलेला हात बाहेर येऊन कार्बोरेटरची झडप मिटायला बघतो. उलट बाजूने स्प्रिंग तीच झडप उघडायला बघते. दोघांची ओढाताण जिथे समसमान होते तिथे इंजिन स्थिरावतं. आमच्या मशीनमध्ये मिनिटाला साधारण तीन हजार फेऱ्यांवर. पुढे दाट गवत आलं, इंजिन दबलं, की वजनं मिटतात, स्प्रिंग जिंकते, झडप उघडते, इंजिन पुन्हा जोर धरतं. गवत संपलं की झडप आपोआप मिटते. माळी भाऊंना अ‍ॅक्सिलरेटरला हात लावावा लागत नाही तो या दोन वजनांमुळे.

ही युक्ती फार जुनी. पवनचक्क्यांमध्ये वापरात असलेली ही कल्पना जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली. तेव्हापासून वाफेवरच्या गिरण्या या गरगरणाऱ्या गोळ्यांच्या भरवशावर चालल्या, कारण इंजिनाचा वेग डुलू लागला की चात्यांवरचं सूत तुटतं. आमच्या शहराला हे सांगायची गरज नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा दिवस तिच्या भोंग्यावर उजाडला. आणि गवत कापायच्या यंत्राचं मूळही कापडाच्याच गिरणीत आहे, हे मला हे सगळं वाचताना कळलं. इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने १८३० मध्ये पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते लोकरी कापडावरची लव एकसारखी कापणारं गिरणीतलं यंत्र पाहून. हिरवळ म्हणजे जमिनीवरची लव, असं त्याला दिसलं असणार. कापसाच्या आणि मिलच्या भोंग्याच्या या शहरात ती मशीन आमच्या हातात यावी, हे मला फार जवळचं वाटतं.

गव्हर्नरचं हे हेलकावणंही जुनंच. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं देणाऱ्या मॅक्सवेलने १८६८ मध्ये गव्हर्नरवर एक निबंध लिहिला आणि प्रश्न हाच घेतला. वेगात जरा गडबड झाली की कोणत्या परिस्थितीत ती विरत जाते आणि कोणत्या परिस्थितीत वाढत जाते? सावरणारा जर उशिरा आणि जास्त जोराने सावरत असेल, तर सावरण्याचाच हेलकावा होतो. रस्त्यावर नव्याने सायकल शिकणारं पोर हँडल डावीकडे फार वळवतं, मग घाबरून उजवीकडे फार वळवतं, तसं.

आमच्या मशीनमध्ये काय होत होतं ते बाबांनी कार्बोरेटरच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं. पेट्रोलला आत यायला दोन वाटा. झडप उघडी असेल तर मोठी वाट, मेन जेटची. झडप जवळजवळ मिटलेली असेल तर बारीक वाट, पायलट जेटची. मशीन मोकळ्यावर नुसती चालते तेव्हा झडप मिटल्यातच जमा असते. इंजिन त्या बारीक वाटेवर जगतं. ती वाट बुजली तर त्याला हवा मिळते, पेट्रोल मिळत नाही. वेग पडतो. वजनं मिटतात, स्प्रिंग झडप उघडते, मोठ्या वाटेने पेट्रोलचा लोंढा येतो, इंजिन उसळतं. वजनं फाकतात, झडप मिटते, पुन्हा उपास. दोन सेकंदांत एक फेरा. आणि दाट गवतात? तिथे झडप उघडीच राहते, मोठ्या वाटेने खाणं चालू राहतं, म्हणून तिथे मशीन सुधारते. माळी भाऊंनी पहिल्या दिवशी फाटकावरून आल्या आल्या हेच सांगितलं होतं.

सकाळी पाना हातात घेण्याआधी बाबांनी स्प्रिंग मूळ भोकात घालायला लावली. कोणतं भोक ते शोधावं लागलं नाही. सहा वर्षांच्या धुळीत तेवढंच एक भोक चकाकत होतं. गव्हर्नर ताणून वेग वाढवला तर इंजिन ठरल्यापेक्षा जास्त फिरतं, कनेक्टिंग रॉड तुटू शकतो आणि खाली पातंही त्याच वेगाने फिरत असतं. हे मी आदल्या संध्याकाळी करून बसलो होतो, शेजारची दोन पोरं पोर्चच्या पायरीवर बसलेली असताना. ती आठवण अजून पोटात गोळा आणते.

मग दोन परीक्षा. मशीन चालू केली, हेलकावे सुरू झाले, आणि बाबांनी चोक अर्धा ओढायला सांगितला. आवाज जागच्या जागी सपाट झाला. इतका सपाट की मी दचकलो. चोक ओढला म्हणजे हवा कमी झाली, त्या मानाने पेट्रोल जास्त झालं आणि इंजिन शांत झालं. याचा अर्थ रोग पेट्रोलच्या टंचाईचाच. दुसरी परीक्षा टाकीच्या झाकणाची. झाकणाला हवेसाठी एक सूक्ष्म छिद्र असतं. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून पाहिलं, काही फरक पडला नाही. म्हणजे वाट झाकणाशी अडलेली नव्हती, पुढे कुठेतरी होती. या दोन्ही परीक्षांना एक रुपया लागत नाही आणि दोन मिनिटं पुरतात. कुणाचीही मशीन अशी डुलू लागली तर मी कळकळीने सांगेन, आधी चोक अर्धा ओढून बघा. प्लग, फिल्टर, गव्हर्नर सगळं त्यानंतर.

इंजिन निवल्यावर प्लगची टोपी काढून ठेवली. पात्याजवळ किंवा इंजिनाजवळ काही करायचं तर हे पहिलं, यात बाबा कुणाचं ऐकत नाहीत. पेट्रोलचा कॉक बंद केला. कार्बोरेटरच्या तळाला वाटी असते, तिचा बोल्ट सोडला आणि खाली स्टीलची जुनी कटोरी धरली. वाटीतलं जे निघालं ते एका काचेच्या लहान बाटलीत ओतून बाबांनी उजेडात धरलं. वर पिवळसर पेट्रोल. तळाशी बोटाच्या नखाएवढा एक वेगळा थर, स्वच्छ, पाण्यासारखा. बाटली कलती केली की तो थर पेट्रोलखालून सरकत जायचा, मिसळायचा नाही. वास पेट्रोलचा नव्हताच. जुन्या रंगाच्या डब्याचा होता.

वाटीच्या तळाला पांढरट खरपुडी धरली होती आणि पितळेच्या जेटवर हिरवट डाग. मेन जेटमधून पलीकडचं दिसत होतं. पायलट जेट शोधायला वेळ लागला, कारण तो थ्रॉटलच्या, म्हणजे त्या झडपेच्या, स्क्रूखाली दडलेला असतो. त्याच्या आजूबाजूची माती जशीच्या तशी होती. दुकानात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

तो हातात घेतला तेव्हा मला विश्वास बसेना. पावसात गुडघाभर गवताला भिडणारं ते सगळं धूड ज्याच्यावर उपाशी मरत होतं, ती वस्तू लवंगेएवढी होती. टोकाला अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक. मी ते आभाळाकडे धरलं. काळं. बाबांनी जुन्या टेबल फॅनच्या वायरीचा तुकडा आणून ठेवला होता. त्यांनी तिचं प्लास्टिक दातांनी सोललं, आतल्या तांब्याच्या तारांचा पुंजका उलगडला आणि त्यातली एकच तार वेगळी करून मला दिली. "सुई नको घालू. सुई कडक, पितळ मऊ. भोक मोठं झालं का जेट गेला कामातून." त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं. आधी जेट क्लीनरमध्ये तासभर भिजू दिला. मग तार घातली. अर्ध्यात अडकली. दोन बोटांत धरून हळूहळू फिरवत राहिलो. ढकलली नाही. कधीतरी ती पुढे सरकली आणि बाहेर काढली तेव्हा टोकाला हिरव्या राखेसारखा एक कण होता. पुन्हा घातली, पुन्हा काढली, पुन्हा क्लीनर. मग आभाळाकडे धरला. त्या काळ्यात एक पांढरा टिपका होता. पावसाळी ढगाचा उजेड, टाचणीच्या टोकाहून लहान, पण कडा अगदी गोल.

"दिसला का?" बाबांनी विचारलं.

"दिसला."

त्यांनी स्वतः बघायला मागितला नाही.

तो पाण्यासारखा थर कशाचा, हे सांगायला हवं, कारण आता हे प्रत्येकाच्या टाकीत होऊ शकतं. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा थोडा असेल तोवर तो पेट्रोलमध्ये मिसळून राहतो, पण मर्यादेबाहेर गेला की पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन तळाला बसतं आणि कार्बोरेटर नेमका तळातूनच पितो. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते, आणि जूनच्या मध्यानंतर आपल्याकडची हवा एकाएकी किती जड होते ते कूलरसमोर बसणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. उन्हाळ्यात पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला, मागे चिकट राळ राहिली. पावसाळ्यात ओलावा आला, पितळ-अ‍ॅल्युमिनियमवर खरपुडी आली. दोन्हींनी मिळून ते भोक बुजवलं.

आणखी एक गोष्ट आहे. निव्वळ पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या इंजिनाचा जेट ज्या हिशेबाने पाडलेला असतो त्याच भोकातून हे मिश्रण गेलं तर ते हवेच्या मानाने थोडं कमीच पडतं. अशा इंजिनाला उपासाकडे झुकायला फार निमित्त लागत नाही. तरीही मी इथेनॉलच्या नावाने बोटं मोडणार नाही. मार्चमध्ये याच पेट्रोलवर मशीन छान चालत होती. चार महिने ते टिनाखाली पडू दिलं, चूक तिथे झाली.

बाकीचं भराभर झालं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं कागदी पॅकिंग बदललं, कारण तिथून चोरून हवा आत शिरली तरी रोगाचं रूप हेच दिसतं. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन वाळवला, तेलाचा हात लावला. टाकी पूर्ण रिकामी करून फडक्याने पुसली. पातं बघायला मशीन कलती करताना कार्बोरेटरची बाजू वर राहील एवढं बघितलं, नाही तर तेल फिल्टरमध्ये उतरतं. दुकानात बसवलेला प्लग काढून पाहिला. टोक पांढरंफटक होतं. पोटभर खाणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं, मारी बिस्किटाच्या कडेसारखं. तोही साक्षीदार होता आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी ताजं पेट्रोल घालून दोरी ओढली. एकच सूर. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो आणि ऐकत राहिलो. बाबांनी हँडलवर हात ठेवला, थोड्या वेळाने मान हलवली आणि आत जाऊन टीव्ही लावला.

बुधवारी पावसाने उसंत दिली. माळी भाऊंनी कडेकडेने पहिला पट्टा घेतला. हरळी ओली होती, त्यामुळे एकदम खाली न कापता त्यांनी पातं वर ठेवलं होतं. दाट ठिकाणी इंजिनाचा आवाज जरासा खोल व्हायचा, मोकळ्यावर आलं की परत जागेवर. थोडक्यात सांगायचं तर गव्हर्नर त्याचं काम करत होता, आणि आता त्याच्या कामाचा आवाजच येत नव्हता. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत गायबगळे आले. कुठून कळतं त्यांना देव जाणे. मशीनच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होते आणि उडालेले किडे टिपत होते. त्यांच्या मागे साळुंक्या. भाऊ वळले की सगळी रांग वळायची. काम झाल्यावर मी भाऊंना म्हटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. ते पात्याखालचं गवत काडीने खरवडत म्हणाले, "आम्ही रोज तिच्यासंगच राहतो ना जी."

त्यानंतर वर्गणीच्या वहीत मी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. पेट्रोल महिन्याला लागेल तेवढंच आणायचं. आणि मशीन ठेवायची ती टाकी रिकामी करून, कॉक बंद करून, वाटीतला शेवटचा थेंब जळेपर्यंत चालवून.

या वर्षी होळीच्या आधीच्या शनिवारी शेवटची कापणी झाली. गवत आधीच पिवळं पडू लागलं होतं. पंपघरासमोर मशीन उभी केली, टाकी रिकामी केली, कॉक बंद केला आणि इंजिन चालू ठेवलं. बाबा काठी टेकत आले होते. त्यांनी पंजा हँडलवर ठेवला. दोनेक मिनिटं एकच सूर चालला. मग वाटीतलं पेट्रोल तळाला गेलं असावं. आवाज एकदम खाली बसला, उसळला, पुन्हा बसला, पुन्हा उसळला. तोच जुलैतला हेलकावा. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. माळी भाऊ म्हणाले, "आता भूक लागली तिले." चार-पाच हेलकावे झाले, प्रत्येक आधीपेक्षा लहान. शेवटचा अर्ध्यातच राहिला. बाबांनी थोडा वेळ हात तसाच ठेवला, मग काढला, आणि भाऊंनी मशीन ढकलत आत नेली.